सेफ्टी आणि पास-बचाव कसा जोखायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१३ च्या ऑक्टोबरात माझे वडील, आप्पा, सिअॅटलला आमच्याकडे राहायला आले होते. अमेरिकन फुटबॉलशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. तरुणपणी गावच्या संघातून कबड्डी खेळलेले, एवढंच. सिअॅटलचा संघ सीहॉक्स विरुद्ध टेनेसी टायटन्स हा सामना आम्ही स्टेडियमच्या अगदी वरच्या रांगेतून पाहिला. मध्यंतराला आप्पांनी विचारलं, "तो सगळ्यांच्या मागे एकटा उभा असतो, तो कोण रे? त्याच्या वाटेला कुणी चेंडू टाकतच नाही." तो सीहॉक्सचा सेफ्टी अर्ल थॉमस होता.

तेव्हापासून सेफ्टी हा माझ्या आवडीचा विषय आहे. इथल्या मराठी मित्रमंडळींकडून आणि भारतात रात्री जागून एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. चार प्रयत्नांत दहा यार्ड हा मूळ हिशेब तुम्हाला ठाऊक आहे, असं धरून लिहितोय.

सेफ्टी म्हणजे कोण? स्कोअरबोर्डवर २ गुणांचा सेफ्टी दिसतो, तोच का?

नाही. नाव एक, गोष्टी दोन. चेंडू हातात असलेला खेळाडू स्वतःच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, पकडला गेला, तर समोरच्या संघाला २ गुण मिळतात, त्यालाही सेफ्टी म्हणतात. फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये (हंगामाच्या अंतिम सामन्यात) डेन्व्हरच्या पहिल्याच स्नॅपला, म्हणजे चाल सुरू करायला चेंडू मागे देताना, तो क्वार्टरबॅक (पास टाकणारा) पेटन मॅनिंगच्या बाजूने निसटून मागे गेला आणि अवघ्या १२ सेकंदांत सिअॅटलला असे २ गुण मिळाले.

आपला विषय आहे सेफ्टी या जागेवर खेळणारा खेळाडू. बचावाच्या ११ जणांत सगळ्यात मागे उभे राहणारे हे साधारणतः दोघे. त्यांच्या पलीकडे फक्त मोकळं मैदान. कबड्डी खेळलेल्यांना हे पटकन कळतं. तिथेही कोपरे आणि कव्हर असतात. कोपरा पाय धरायला झेपावतो, आणि त्याचा हात सुटला तर कव्हरने चढाईपटूला मध्यरेषेपर्यंत पोहोचू द्यायचं नसतं. इथले कॉर्नरबॅक म्हणजे कोपरे, सेफ्टी म्हणजे कव्हर. फरक इतकाच की इथलं अंगण ५३ यार्डांहून थोडं जास्त रुंद आहे.

फ्री सेफ्टी आणि स्ट्राँग सेफ्टी यांत फरक काय?

जुनी व्याख्या अशी: फ्री सेफ्टी खोल उभा राहतो, चेंडू वाचतो, धावतो. स्ट्राँग सेफ्टी पुढे येऊन धाव अडवतो आणि टाइट एंडला, म्हणजे फळीला लागून उभ्या राहणाऱ्या दणकट रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला), सांभाळतो.

या व्याख्येची सर्वांत स्वच्छ जोडी सिअॅटलचीच होती. अर्ल थॉमस २०१० च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) १४ वा निवडला गेला. उंची ५ फूट १० इंच, पण चेंडू हवेत असताना मैदानाच्या मधून कडेपर्यंत पोहोचण्याचा त्याचा वेग अचाट होता. त्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, १३३ वा, कॅम चॅन्सेलर आला. ६ फूट ३ इंच, वजन १०० किलोंच्या वर, जवळपास लाइनबॅकरचाच (आघाडीच्या फळीमागे उभ्या राहणाऱ्या बचावपटूचा) देह. थॉमस मागे एकटा पुरायचा म्हणून चॅन्सेलर पुढे येऊ शकायचा. एकाचं मोल दुसऱ्याशिवाय सांगता येत नाही, आणि हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आता ही विभागणी पुसट झाली आहे. दोघांनाही दोन्ही कामं यावी लागतात, कारण स्नॅपच्या क्षणापर्यंत कोण मागे जाणार आणि कोण पुढे येणार हे क्वार्टरबॅकला कळू द्यायचं नसतं.

पास-बचाव जोखायला दर सामन्याला दिलेले पास यार्ड पाहावेत ना? टीव्हीवर तर तोच आकडा दाखवतात.

तो पाहा, पण त्यावर निकाल देऊ नका. जो संघ सतत आघाडीवर असतो, त्याच्याविरुद्ध समोरचे नाइलाजाने पासच करत राहतात, त्यामुळे चांगल्या संघाच्या खात्यावरही ढीगभर यार्ड जमतात. उलट, धावच अडवता येत नसेल तर पास करायची गरजच कुणाला पडत नाही, आणि गचाळ बचावाचा पास यार्डांचा आकडाही छान दिसतो.

त्याऐवजी दर पासमागे किती यार्ड दिले ते काढा. त्या २०१४ च्या सुपर बोलमध्ये मॅनिंगने ४९ पैकी ३४ पास पूर्ण केले. ३४ हा तेव्हाचा सुपर बोलचा विक्रम होता. त्याचा रिसीव्हर डेमेरियस थॉमस याने १३ झेल घेतले, तोही विक्रम. नुसते हे दोन आकडे वाचणाऱ्याला वाटेल की सिअॅटलचा बचाव कोसळला. प्रत्यक्षात सामना ४३–८ असा सिअॅटलने जिंकला. मॅनिंगचे एकूण यार्ड २८०, म्हणजे दर पासमागे ५.७. त्याच हंगामात त्याने ५,४७७ यार्ड आणि ५५ टचडाउन (६ गुणांचे) पास असे दोन्ही विक्रम केले होते आणि त्याची दर पासमागची सरासरी ८.३ होती. सिअॅटलने त्याला आखूड पास घेऊ दिले, झेलणाऱ्याला जागच्या जागी लोळवलं आणि मागचं दार बंद ठेवलं.

दुसरा आकडा ईपीए, म्हणजे एक्स्पेक्टेड पॉइंट्स अॅडेड. नाव जड आहे, कल्पना सोपी. प्रत्येक चालीआधी त्या संघाला त्या जागेवरून सरासरी किती गुण अपेक्षित होते आणि चालीनंतर किती, यातला फरक. तिसऱ्या प्रयत्नाला १२ यार्ड हवे असताना ९ यार्डांचा झेल दिला, तर यार्डांच्या हिशेबात बचावाचं नुकसान दिसतं, ईपीएमध्ये फायदा. बचावाची नियत ईपीएला कळते.

तिसरा, आणि सेफ्टींच्या बाबतीत मी सर्वांत आधी पाहतो तो: २० यार्डांहून लांब किती पास दिले. सेफ्टीचं प्रगतिपुस्तक बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं.

जास्त इंटरसेप्शन घेणारा, म्हणजे समोरच्यांचे पास पकडणारा, सेफ्टी तो चांगला, असं नाही का?

एकनाथ सोलकर आठवा. २७ कसोटींत ५३ झेल, त्यातले कित्येक बॅटपासून हातभर अंतरावर शॉर्ट लेगला. सोलकर विलक्षण होतेच, पण ते झेल तिथे उडत होते कारण दुसऱ्या टोकाकडून बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट गोलंदाजी करत होते. इंटरसेप्शनचंही तसंच आहे. बचावाची आघाडीची फळी क्वार्टरबॅकला घाईला आणते, चेंडू भरकटतो, आणि मागे उभा असलेल्याच्या हातात पडतो. कधी रिसीव्हरच्याच बोटांना लागून उडतो. म्हणून एकाच खेळाडूचा हा आकडा वर्षावर्षाला हेलकावे खातो.

थॉमसने २०१३ मध्ये ५ इंटरसेप्शन घेतले, २०१४ मध्ये फक्त १. दोन्ही वर्षी तो ऑल-प्रोच्या (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) पहिल्या संघात होता, आणि ते योग्यच होतं. क्वार्टरबॅक मैदानाच्या मधल्या खोल भागात चेंडू टाकतच नसतील, तर तो पकडणार काय? आप्पांनी वरच्या रांगेतून नेमकं हेच पाहिलं होतं.

याची दुसरी बाजूही आहे. २०२१ मध्ये डॅलसच्या ट्रेव्हॉन डिग्जने ११ इंटरसेप्शन घेतले. तो कॉर्नरबॅक, पण धडा तोच. चेंडूवर झेप घ्यायची त्याची धाटणी जुगाराची होती, आणि डाव फसला की मागे कुणी नसायचं. त्याच हंगामात त्याच्या अंगावर भरमसाट यार्डही निघाले. त्याला वाईट म्हणायचं नाही. पण ११ या आकड्याशेजारी दुसरी बाजू मांडल्याशिवाय तो अर्धवटच राहतो.

या सगळ्याला अपवाद म्हणावा असा एक माणूस: बाल्टिमोरचा एड रीड. कारकिर्दीत ६४ इंटरसेप्शन आणि ते घेऊन धावलेले १,५९० यार्ड, हा विक्रम. २००८ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध १०७ यार्ड धावत गेलेला तोच. रीड मुद्दाम चुकीच्या जागी उभा राहून क्वार्टरबॅकला मोह पाडायचा. न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याच्या मनगटपट्टीवर 'प्रत्येक चालीला २० नंबर शोध' अशा अर्थाची ओळ लिहिलेली असायची. २० नंबर रीडचा.

क्वार्टरबॅकचं रेटिंग उलटं लावून बचावपटू जोखतात, ते कितपत खरं?

कॉर्नरबॅकसाठी थोडंफार, सेफ्टीसाठी फारच कमी.

हे रेटिंग एनएफएलने १९७३ मध्ये स्वीकारलं. पूर्ण पासांची टक्केवारी, दर पासमागचे यार्ड, टचडाउन आणि इंटरसेप्शन या चार गोष्टींतून ते निघतं. कमाल १५८.३. प्रत्येक पास जमिनीवर टाकला तरी ३९.६ मिळतात, कारण निदान इंटरसेप्शन तरी झालं नाही. सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) त्यात मोजलेच जात नाहीत.

खरी अडचण वेगळी. अमुक पास कोणाच्या अंगावर गेला, हे ठरवतो चित्रफीत पाहणारा माणूस. समजा झोन बचाव आहे, म्हणजे प्रत्येकाने मैदानाचा आपापला भाग सांभाळायचा. कॉर्नरबॅकने रिसीव्हर मागच्या सेफ्टीकडे सोपवला, सेफ्टी आला नाही, टचडाउन झाला. झेल झाला तेव्हा जवळ कोण होतं? कॉर्नरबॅक. चूक कोणाची? कदाचित सेफ्टीची, कदाचित त्या दोघांना चुकीचा इशारा देणाऱ्या लाइनबॅकरची. संघाच्या खोलीत काय ठरलं होतं हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. म्हणूनच एकाच खेळाडूविषयी दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत. सेफ्टीवर हंगामभरात मुळात पासच थोडे येतात, तेव्हा त्यातल्या दोन-तीन नोंदी इकडच्या तिकडे झाल्या तरी चित्र पालटतं.

पास-बचावाचं श्रेय आघाडीच्या फळीला द्यायचं की मागच्यांना?

दोघांना, आणि वेगळं काढायचा हट्ट धरू नये. क्वार्टरबॅक साधारण अडीच-पावणेतीन सेकंदांत चेंडू सोडतो. मागच्यांनी पहिला पर्याय झाकला की त्याला अर्धा सेकंद जास्त थांबावं लागतं आणि त्या अर्ध्या सेकंदात सॅक होतो. फळीने घाई केली की मागच्यांना कमी वेळ झाकावं लागतं.

फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल सगळ्यांना शेवटच्या एका पाससाठी आठवतो, एक यार्डावरून टाकलेल्या आणि हरवलेल्या. मला त्याआधीचा चौथा भाग जास्त छळतो. सिअॅटल न्यू इंग्लंडविरुद्ध २४–१४ ने पुढे होतं. तिसऱ्या भागात पास-रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) क्लिफ अॅव्हरिल डोक्याच्या दुखापतीने बाहेर गेला होता. तिसरा कॉर्नरबॅक जेरेमी लेन पहिल्याच भागात इंटरसेप्शन घेताना हात मोडून बसला होता. थॉमसचा खांदा, कॉर्नरबॅक रिचर्ड शर्मनचं कोपर, चॅन्सेलरचा गुडघा, तिघेही दुखापतीसह खेळत होते. ब्रेडीने त्या चौथ्या भागात १५ पैकी १३ पास पूर्ण केले, २ टचडाउन, सामना २८–२४ असा सिअॅटलच्या हातून गेला. नावं तीच, आखणी तीच. पण पुढचा दाब गेला आणि तिसऱ्या कॉर्नरबॅकच्या जागी बदली खेळाडू आला, एवढ्यावर जगातला सर्वोत्तम पास-बचाव उघडा पडला.

तेव्हा संघ तपासताना सॅक मोजून थांबू नका. ब्लिट्झ न करता, म्हणजे जास्तीचे बचावपटू न पाठवता, फक्त चौघांना पुढे सोडून, दाब किती वेळा येतो ते पाहा. चौघांत भागत असेल तर मागे सात जण उरतात, आणि मग मध्यम कुवतीचे सेफ्टीही चांगले दिसू लागतात.

कव्हर-थ्री, टू-हाय वगैरे ऐकू येतं. प्रेक्षकाने हे शिकायलाच हवं का?

एवढंच शिका: स्नॅपआधी मागे खोल किती जण आहेत, एक की दोन? आणि स्नॅपनंतर किती?

एक असेल तर बहुधा कव्हर-थ्री किंवा माणसाला माणूस. कव्हर-थ्रीमध्ये खोल मैदानाचे तीन भाग, मधला सेफ्टीचा, कडेचे कॉर्नरबॅकचे. धाव अडवायला एक माणूस जास्त मिळतो, पण मधल्या सेफ्टीवर सगळा भार. दोघे असतील तर लांब पास अवघड होतो आणि धावायला जागा मिळते. गेल्या काही वर्षांत प्रशिक्षक व्हिक फॅन्जिओंच्या धाटणीचे दोघांना मागे ठेवणारे बचाव लीगभर पसरले, कारण लांब फेकणारे क्वार्टरबॅक वाढले. स्नॅपआधी दोघे दाखवायचे आणि चेंडू हलताच एकाने पुढे धावायचं, किंवा याच्या उलट, हा लपंडाव आता सगळेच खेळतात. चांगला सेफ्टी हे सोंग शेवटच्या क्षणापर्यंत सोडत नाही.

पण टीव्हीवर सेफ्टी दिसतच नाही. मग पाहायचं कसं?

बरोबर, कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. यावर उपाय म्हणजे उंचावरून घेतलेली, सगळे २२ खेळाडू दिसणारी चित्रफीत. पूर्वी ती फक्त प्रशिक्षकांकडे असायची, आता लीगच्या सशुल्क सेवेत कुणालाही मिळते. शक्य असेल तर स्टेडियममध्ये स्वस्तातलं, उंचावरचं तिकीट घ्या. सेफ्टी पाहायला ती जागा पहिल्या रांगेपेक्षा चांगली. याबाबत मी ठाम आहे.

दोन चांगले सेफ्टी घेतले की काम झालं का?

नाही, आणि याचं अलीकडचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे २०२४ चं बाल्टिमोर. ते जरा सविस्तर सांगतो.

आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, याच संघाच्या बचावाने इतिहास केला होता: सर्वांत कमी गुण दिले, सर्वाधिक ६० सॅक केले आणि चेंडू हिसकावण्यातही पहिले आले. एकाच हंगामात हे तिन्ही कुणालाच साधलं नव्हतं. या बचावाचं हृदय होतं काइल हॅमिल्टन. ६ फूट ४ इंच उंचीचा सेफ्टी, पण त्याला एका जागी बांधलेलंच नव्हतं. कधी आतल्या रिसीव्हरसमोर, कधी ब्लिट्झमध्ये, कधी लाइनबॅकरच्या जागी. तो असा मोकळा फिरू शकायचा, कारण मागे इतर सेफ्टी घर सांभाळत होते. मग बचावाचे समन्वयक माइक मॅकडोनाल्ड मुख्य प्रशिक्षक म्हणून सिअॅटलला आले आणि त्यांच्या जागी झॅक ऑर आले. मागच्या फळीतला जीनो स्टोनही दुसऱ्या संघात गेला.

२०२४ सुरू झालं आणि तोच संघ पासविरुद्ध लीगमधल्या सर्वांत वाईट संघांत जाऊन बसला. ऑक्टोबरात सिनसिनाटीचा रिसीव्हर जा'मार चेस याने १९३ यार्ड काढले. ७ नोव्हेंबरला तर त्याने एकट्याने २६४ यार्ड आणि ३ टचडाउन केले, त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो याने ४२८ यार्ड फेकले. दोन्ही सामने बाल्टिमोरने जिंकले, दुसरा ३५–३४ असा एका गुणाने, पण पाहणाऱ्याला भरवसा वाटावा असं त्यात काही नव्हतं. त्या रात्री हॅमिल्टन घोट्याच्या दुखापतीने अर्ध्यातून बाहेर गेला होता. ५ वर्षं आणि ७ कोटी डॉलर अशा करारावर २०२२ मध्ये आणलेला मार्कस विल्यम्स त्याआधीच संघाबाहेर बसवला गेला होता.

पुढे जे केलं त्यात मला खरी हुशारी दिसते. त्यांनी हॅमिल्टनला, म्हणजे आपल्या सर्वांत चमकदार खेळाडूला, चमकायच्या जागेवरून उचलून मागे खोल उभं केलं. त्याच्या जोडीला आर'डॅरियस वॉशिंग्टन, ५ फूट ८ इंचांचा, ड्राफ्टमध्ये कुणीही न निवडलेला. एक ताडमाड, एक बुटका. लांब पास आटले, मागच्यांचं आपसांतलं बोलणं सुधारलं, कॉर्नरबॅक धीटपणे खेळू लागले, आणि हंगामाच्या उत्तरार्धात हाच बचाव लीगमधल्या चांगल्या बचावांत गणला जाऊ लागला. हॅमिल्टनचे स्वतःचे सॅक आणि ठळक क्षण कमी झाले. संघाचं भलं झालं.

म्हणून दोन सेफ्टींना वेगवेगळे गुण देऊन बेरीज करू नका. एकाच्या असण्याने दुसऱ्याला काय करता येतं, ते पाहा.

एखादा सेफ्टी खरोखर किती मोलाचा, हे तो नसताना कळतं का?

बरंचसं. ४ डिसेंबर २०१६ ला कॅरोलायनाविरुद्ध एकाच चेंडूवर झेपावताना थॉमस आणि चॅन्सेलर एकमेकांवर आदळले आणि थॉमसचा पाय मोडला. पुढच्याच रविवारी ग्रीन बेमध्ये, पहिल्याच चढाईत, अॅरन रॉजर्सने डेव्हॉन्टे अॅडम्सला ६६ यार्डांचा टचडाउन पास दिला. चेंडू नेमका तिथून गेला जिथे आधीची सहा वर्षं कुणी टाकत नसे. मी तो पास पाहिला आणि आप्पांना फोन लावला.

पण प्रामाणिक राहायचं तर पूर्ण हिशेब सांगितला पाहिजे. तो सामना सिअॅटल ३८–१० ने हरलं आणि त्या दिवशी सिअॅटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन याने ५ इंटरसेप्शन दिले होते. ते ३८ गुण सेफ्टीच्या जागेवर ढकलता येत नाहीत. महिनाभराने प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) अटलांटाच्या मॅट रायनने मात्र ३३८ यार्ड आणि ३ टचडाउन केले, तेव्हा फट स्पष्ट दिसत होती.

टॅकलची, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडण्याची, संख्या कामाची आहे का?

फारशी नाही. सेफ्टीचे टॅकल खूप असतील तर कदाचित पुढचे सगळे निष्प्रभ असतील आणि प्रत्येक धाव त्याच्यापर्यंत येत असेल. महत्त्वाचे असतात निसटलेले टॅकल. लाइनबॅकरचा हात सुटला तर ५ यार्ड जातात, सेफ्टीचा सुटला तर टचडाउन जातो.

धरण्याची पद्धतही पाहा. सीहॉक्सचे तेव्हाचे प्रशिक्षक पीट कॅरोल स्वतः कॉलेजात सेफ्टी होते. त्यांनी २०१४ मध्ये खांद्याने आदळून मांड्या कवेत घेणारी, रग्बीसारखी पकड शिकवणारी चित्रफीत सर्वांसाठी खुली केली. डोकं बाजूला, हात मांड्यांभोवती. कबड्डीतल्या पटपकडीच्या सवयीचा माणूस ती पाहून मान डोलावेल. त्याच वर्षीच्या अखेरच्या साखळी सामन्यात सेंट लुइसचा बेनी कनिंगहॅम टचडाउनसाठी झेपावत असताना थॉमसने रेषेवर त्याच्या हातातून चेंडू ठोकून बाहेर काढला, आणि ६ गुणांऐवजी चेंडू सिअॅटलला मिळाला. टॅकलच्या रकान्यात अशा क्षणाचं वजन कुठेच दिसत नाही.

एका चुकीवरून सेफ्टीला नालायक ठरवावं का?

१४ जानेवारी २०१८. मिनेसोटाविरुद्ध न्यू ऑर्लिन्स एका गुणाने पुढे, शेवटची चाल. मिनेसोटाचा रिसीव्हर स्टेफन डिग्ज याने चेंडू झेलला, पहिल्याच वर्षात असलेला सेफ्टी त्याच्या खालून झेपावला, स्पर्शही झाला नाही, आणि ६१ यार्डांचा टचडाउन होऊन सामना २९–२४ ने गेला. तो सेफ्टी म्हणजे वर उल्लेख आला तो मार्कस विल्यम्स. त्याच सामन्यात त्याने एक इंटरसेप्शनही घेतला होता, तो कुणाला आठवत नाही. त्यानंतरची चार वर्षं तो इतकं चांगलं खेळला की त्याला ७ कोटींचा करार मिळाला. त्या एका झेपेवरून त्याला मोडीत काढणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला. २०२४ मध्ये तो बाहेर बसला, पण आठवडेच्या आठवडे चाललेल्या खेळामुळे, एका चालीमुळे नव्हे.

माझा ठोकताळा: सहा-सात सामने पाहिल्याशिवाय सेफ्टीविषयी ठाम मत देत नाही.

दंड किती महत्त्वाचे?

महत्त्वाचे आहेत, कारण एनएफएलमध्ये पास इंटरफिअरन्सचा (झेलणाऱ्याला बेकायदा अडवण्याचा) दंड चेंडू जिथे अडवला तिथे बसतो. ४० यार्डांवर ढकललं तर ४० यार्ड गेले. १९७८ पासून पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्का देता येत नाही आणि २०१४ मध्ये लीगने या नियमावर विशेष कडक लक्ष द्यायला सांगितलं. दंडांची गिनती पाहताना लांबीही पाहा.

एकच सामना पाहून एखाद्या संघाचा पास-बचाव तपासायचा असेल तर वहीत काय टिपू?

मी चारच रकाने ठेवतो. स्नॅपआधी मागे किती जण आणि नंतर किती. क्वार्टरबॅकने पहिला पर्याय सोडून दुसरीकडे मान वळवली का. झेल झाल्यावर पहिला हात किती यार्डांत पडला. आणि चूक झाल्यावर कोण कोणाकडे हात करून बोलतोय. शेवटचा रकाना विनोदी वाटेल, पण मी त्यालाच सर्वांत जास्त मानतो. २०२२ च्या सप्टेंबरात मायामीने चौथ्या भागात २१ गुणांची पिछाडी भरून काढत बाल्टिमोरला ४२–३८ हरवलं, तेव्हा मायामीचा रिसीव्हर टायरीक हिल दोनदा मागे एकटाच मोकळा सुटला होता. आजूबाजूचे बचावपटू एकमेकांकडे तळहात पसरून पाहत होते. ही गोष्ट कुठल्याही तक्त्यात येत नाही.

भारतातून सामने किती वाजता दिसतात?

सप्टेंबर-ऑक्टोबरात रविवारचे पहिले सामने रात्री साडेदहाला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेत घड्याळं मागे गेली की साडेअकराला. दुपारच्या उशिराच्या सत्रातले, ज्यात सिअॅटलचे घरचे सामने बहुधा असतात, मध्यरात्रीनंतर दीड-दोनला, आणि नोव्हेंबरनंतर अडीच-तीनला. आप्पा गावी परतल्यावर ते सकाळी सात वाजता फोन करून निकाल विचारायचे, आणि त्याआधी विचारायचे, "त्या मागच्या पोराच्या अंगावर कोणी टाकला का?"